‘मठ्ठ’ कोणी ठरवायचे?

दसरा उलटला होता. मुकादमांचे ट्रॅक्टर वस्तीवस्तीत फिरू लागले होते. उचल घेतलेली जोडपी बोचकी बांधत होती. अशा दिवसांत बीड जिल्ह्यातील एक आई आमच्याकडे एक कागद घेऊन आली. कागद इंग्रजीत होता. “दादा, ह्याच्यात काय लिव्हलंय तेवढं सांगा. गुरुजी म्हणतेत, पोराला मतिमंदाच्या शाळंत टाका.”

आम्ही कागद वाचला. मुलाचे नाव, वय नऊ वर्षे, एका चाचणीचे नाव आणि त्याखाली आकडा : बुद्ध्यांक ६२. शेवटी ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असा शेरा आणि न वाचता येणारी सही. बाकी काही नाही. मूल कुठल्या शाळेत जाते, वर्षातले किती महिने जाते, घरी काय बोलते, काय करते, याची एक ओळ नाही. आम्ही आईला विचारले, तपासायला किती वेळ लागला? ती म्हणाली, “अर्धा तास बी न्हाई. साहेब हिंदीत इचारीत व्हते. ह्यो गप बसला.”

मग आम्ही मुलाला हाक मारली. त्याने पाहिले नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली तेव्हा त्याने मान वळवली, तीही उजव्या बाजूने. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. “लहानपणापासनं फुटतो,” आई म्हणाली. बुद्धी मोजणाऱ्याने तो बोळा पाहिला नव्हता. ज्या दवाखान्यात हे घडले त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण हा एका दवाखान्याचा किंवा एका साहेबाचा प्रश्न असता तर या स्तंभात तो मांडण्याची गरज नव्हती.

सहा महिने उसाच्या फडात आणि सहा महिने शाळेत असे ज्याचे बालपण गेले, ज्याने इयत्ता चौथीपर्यंत एकही वर्ष दोन्ही सत्रे पाहिली नाहीत, ज्याला अर्धे ऐकू येते, त्याला शब्दांचे अर्थ आणि सामान्य ज्ञान विचारायचे, तेही परक्या भाषेत, आणि उत्तर आले नाही म्हणून त्याच्या मेंदूवर शिक्का मारायचा! हा शिक्का साधा नसतो. सरकारी मोजमापात ६२ चा आकडा म्हणजे पन्नास टक्के अपंगत्व. चाळीस टक्क्यांच्या वर गेले की प्रमाणपत्र मिळते, निराधार योजनेचा अर्ज करता येतो, विशेष शाळेचा दरवाजा उघडतो. गुरुजींच्या पटावरचे एक ओझेही कमी होते. आईला कोणीतरी सांगितलेच होते, “पैसे चालू होत्याल.” गरिबाच्या घरात महिन्याला येणारा पैसा नाकारणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. पण ज्या मुलाला कानाचा डॉक्टर हवा होता त्याला मतिमंदाचा दाखला देणे याला मदत म्हणायचे काय?

ही मोजपट्टी आली कुठून, तेही पाहिले पाहिजे. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने १९०४ साली एक समिती नेमली होती. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांच्यासाठी वेगळी शिकवणी करावी, एवढा तिचा हेतू होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी तयार केली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांवर स्वतः बिनेने टीका केली होती. पुढे अमेरिकेत गेल्यावर हीच पट्टी माणसांना वरखाली लावण्यासाठी वापरली गेली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती केली आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. नागपुरात काम करणाऱ्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी बुद्धिमापन चाचणी तयार केली, तिची पुस्तिका १९६९ ची. व्यवहारातील कौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचेही त्यांनी केलेले रूपांतर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखले जाते. महाराष्ट्राच्या मातीत झालेले हे काम लहान नाही आणि आम्ही ते मोडीत काढत नाही. मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांवर बेतलेली पट्टी आजच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला लावताना, लावणाऱ्याने दहा वेळा विचार करावा, एवढे तरी मागता येईल की नाही?

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि आयोजकांनी होऊ न दिलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात माणसाची क्षमता कशावर अवलंबून असते याचा विचार मांडला आहे. एक शारीरिक आनुवंशिकता, दुसरी समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण, साठत आलेले ज्ञान. आणि तिसरे माणसाचे स्वतःचे प्रयत्न. पहिल्या दोन बाबतींत ज्यांना आधीच सारे मिळाले त्यांनाच निवडायचे, तर ती लायकांची निवड होत नाही, सुखवस्तूंची होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बुद्ध्यांकाच्या कागदावर या तिन्हींची गोळाबेरीज एका आकड्यात होते. कोणता भाग मेंदूचा, कोणता फडातल्या सहा महिन्यांचा आणि कोणता फुटक्या कानाचा, हे आकडा सांगत नाही. ते सांगण्यासाठी एक शिकलेला, अनुभवी आणि वेळ असलेला माणूस लागतो. त्यालाच चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, लोकांच्या तोंडी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणतात.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. ज्या काळ्या चळवळीच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे पँथर उभी राहिली, त्या चळवळीच्या मुलुखात, कॅलिफोर्नियात, याच प्रश्नावर मोठी न्यायालयीन लढाई झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत काळी मुले एकूण मुलांच्या २८.५ टक्के होती, पण मतिमंद मुलांच्या वर्गात ती ६६ टक्के होती. १९७१ मध्ये काळ्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी आपली संघटना १९६८ मध्ये त्याच शहरात स्थापन केली होती. त्या संघटनेतल्या लोकांनी या मुलांना पुन्हा तपासले. त्यांच्या बोलीत प्रश्न विचारले, त्यांना आधी मोकळे होऊ दिले, आणि मुलांचे गुण मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर गेले. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी काळ्या मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरण्यास मनाई केली. ‘लॅरी पी.’ खटला म्हणून तो जगभर शिकवला जातो.

इथपर्यंतची कथा आपल्या सभेत सांगितली तर टाळ्या पडतील. पुढची मात्र कोणी सांगत नाही. १९८६ मध्ये ही मनाई आणखी ताणली गेली. काळ्या मुलाला कोणत्याही विशेष शिक्षणाच्या कामासाठी बुद्ध्यांक चाचणी द्यायचीच नाही, असे झाले. तेव्हा काही काळे पालकच पुन्हा न्यायालयात गेले. आमच्या मुलाला वाचता येत नाही, त्याला अध्ययन अक्षमता आहे की काय ते आम्हाला कळले पाहिजे, गोऱ्यांच्या मुलांना मिळणारी तपासणी आमच्याच मुलांना का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच न्या. पेकहॅम यांनी १९९२ मध्ये ती वाढीव मनाई उठवली. म्हणजे पट्टी फेकून देऊन प्रश्न सुटला नाही. पट्टी कोणाच्या हातात आहे आणि ती कशासाठी लावली जाते, हा मूळ मुद्दा होता. आमच्याही लेखी मुद्दा तोच आहे.

आता त्या मुलाकडे वळू. आईवडील कारखान्यावर जाण्याआधी, चार दिवस उचलीचे बोलणे खात, मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात आले. तिथल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्या दिवशी एकही चाचणी लावली नाही. आईला समोर बसवून त्या विचारत राहिल्या. बाळंतपण कुठे झाले? जन्मल्याबरोबर रडला का? बसायला कधी लागला, पहिला शब्द कधी बोलला, ताप येऊन झटके आले होते का? घरी काय काय करतो? आई सांगू लागली. बैलांना पाणी दाखवतो, दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बरोबर देतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो, फडात मोळ्या मोजतो. बाई सारे लिहून घेत होत्या. हेच ते व्यवहारातील कौशल्य, ज्याच्याशिवाय बौद्धिक अक्षमतेचे निदान करताच येत नाही. आकडा कितीही कमी आला तरी रोजच्या जगण्यात मूल अडत नसेल तर त्याला बौद्धिक अक्षम म्हणता येत नाही, हा या शास्त्राचा साधा नियम आहे. पहिल्या कागदाने तो पाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कान तपासायला पाठवले. दोन्ही कानांत पू, डाव्याचा पडदा फाटलेला, ऐकणे बरेच कमी. मग तिसऱ्या बैठकीत चाचण्या झाल्या. बाई समोरासमोर, उजव्या बाजूला बसून, मराठवाडी मराठीत बोलत होत्या. लाकडी ठोकळे जुळवणे, चित्रातले उणे ओळखणे, आकार मांडणे या कामांत मुलगा वयाच्या मानाने ठीक निघाला. शब्दांच्या आणि माहितीच्या प्रश्नांत मागे पडला. या दोन्हींतली दरीच खरी माहिती होती. अहवालात त्यांनी लिहिले की बौद्धिक अक्षमतेचा निष्कर्ष काढता येत नाही. आधी कानाचे उपचार, सलग शाळा, वर्गात पहिल्या बाकावर जागा, आणि त्यानंतर पुन्हा तपासणी. गुरुजींसाठी एक पान मराठीत वेगळे लिहून दिले. आम्हाला हे पान सर्वांत मोलाचे वाटले.

वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो, तो औषध लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो तपासतो, निदानात भाग घेतो, वर्तनाचे आणि मनाचे उपचार करतो, आईबापांना शिकवतो. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद असावी लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे त्याच कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही त्याची व्याख्या आहे. तेव्हा कोणी तुमच्या मुलाच्या बुद्धीचा कागद हातात ठेवला, तर नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका. जातीचा दाखला देताना तलाठ्याने आपल्याला शंभर प्रश्न विचारले आहेत, एक आपणही विचारू.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. चळवळीतले एक घर आहे. भिंतीवर बुद्ध, फुले, बाबासाहेब. घरात पुस्तकांचे कपाट. वडील नोकरीत, कार्यकर्ते, आमचे जुने स्नेही. त्यांची मुलगी सात वर्षांची. नावाने हाक मारली तर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, एकच झाकण तासन्‌तास फिरवत बसते, ऐकलेली वाक्ये तशीच्या तशी म्हणते. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत नेतात. आम्ही एकदा धीर करून बोललो, तपासून घ्या. स्नेही उसळले. “आमच्या मुलांना आधीच सगळे मठ्ठ म्हणतात. त्यात हा कागद आम्हीच आणायचा?” त्या रात्री आम्हाला उत्तर सुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या बुद्धीवरून हिणवलेल्या समाजाला निदान म्हणजे जुनी शिवीच नव्या रूपात आली असे वाटावे, यात नवल नाही. पण या भीतीची किंमत ती मुलगी चुकवत होती. आजीने गुपचूप कोणाचा तरी अंगारा आणून लावला होता, ही गोष्टही आम्हाला नंतर समजली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा शिरला, कारण दवाखान्याचा दरवाजा लाजेने बंद केला होता.

स्वमग्नता ही शिक्षा नव्हे, आईच्या वागण्याचा दोष नव्हे, बुद्धी नसणेही नव्हे. मेंदूच्या वाढीची ती वेगळी वाट आहे. ती औषधाने जात नाही. पण मूल जितके लहान असताना कळेल तितके त्याला बोलणे, खुणा, खेळ, स्वतःचे स्वतः करणे शिकवता येते. इथे मानसशास्त्रज्ञाचे काम निदानाच्या दिवशी संपत नाही, खऱ्या अर्थाने सुरू होते. भारतीय मुलांसाठी केलेली चाळीस मुद्द्यांची श्रेणी लावून तो तीव्रता ठरवतो. मूल किंचाळते तेव्हा त्याआधी काय घडले आणि नंतर काय मिळाले याची वही आईला ठेवायला लावतो. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्याशी मेळ घालतो. रात्र रात्र जागणाऱ्या आईच्या मनाची दखल घेतो, धाकट्या भावंडाला समजावतो. मुलगी वयात येईल तेव्हा तिला स्वतःच्या शरीराची काळजी आणि नकोशा स्पर्शाला नकार कसा शिकवायचा, तेही त्यानेच सांगायचे असते. आमचे स्नेही शेवटी गेले, दीड वर्ष उशिरा. मुलगी आता चित्र दाखवून पाणी मागते. पाहुण्यांसमोर बाहेर बसते.

शासन काय करते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरातून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने येऊन जन्मतःचे दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब शोधायचा, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. त्या केंद्राच्या आराखड्यात मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता हे सारे त्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळा विभागही काढला. कागदावर सारे आहे. (‘दिव्यांग’ हा शब्दही वरूनच आला. वरून मिळालेल्या गोड नावांचा आपल्या समाजाला चांगला अनुभव आहे. ‘हरिजन’ म्हटल्याने विहीर खुली झाली नव्हती.) तुमच्या जिल्ह्याच्या केंद्रात हे पद मंजूर आहे का, भरले आहे का, कायम आहे की अकरा महिन्यांच्या करारावर, त्या माणसाची पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे का, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येतात. कार्यकर्त्यांनी ते विचारावेत.

कारण हा मूठभरांचा विषय नाही. पाच ठिकाणी, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सुमारे आठांतल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण आढळली; ऐकू कमी येणेही त्यात धरले होते. धोका कशाने वाढतो? घरी झालेले बाळंतपण, जन्मल्यावर उशिरा रडणे, कमी वजन, खुंटलेली वाढ, मेंदूचा संसर्ग. ही यादी वाचा आणि ती कोणत्या वस्त्यांचा पत्ता सांगते ते पाहा. फडावरच्या कोपीत बाळंत झालेली बाई त्या यादीत आहे.

अध्ययन अक्षमतेबाबत तर उलटाच न्याय दिसतो. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, जास्त वेळ, लेखनिक वगैरे. चांगली गोष्ट. पण आम्ही पाहिले तेवढ्यात या सवलतीचे कागद शहरातल्या इंग्रजी शाळांच्या मुलांकडेच दिसले. तेच अक्षर उलटे लिहिणारा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा ‘ढ’ ठरून सातवीत शाळा सोडतो. एकाला निदान मिळते, दुसऱ्याला शिवी. मराठीतून तपासण्याची साधने कमी आहेत ही सबब वर्षानुवर्षे ऐकवली गेली. २०१५ मध्ये हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही ‘डाली’ नावाचे साधन आले. ते वापरणारा माणूस तालुक्यापर्यंत पोचला काय?

तो माणूस आपल्यातूनही का तयार होऊ नये? आजवर ही मान्यता बहुतेकांना पदव्युत्तर शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल. प्रशिक्षणाने मिळत आली. जागा थोड्या, शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे आपली मुले तिकडे वळत नाहीत, आणि आपण त्यांना सांगतही नाही. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. जयंतीला नव्वद टक्केवाल्यांचा सत्कार होतो, तोही व्हावा. पण त्याच मंडपात मागे, आईच्या पदराला धरून, लाउडस्पीकरच्या आवाजाने कानावर हात ठेवून बसलेले एखादे मूल असते. त्याच्यासाठी मंडळाच्या पत्रिकेत एक ओळ नसते. एखाद्या जयंतीला विहारात कान, डोळे आणि वाढीची तपासणी ठेवली, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाला दिवसभर बसवले, तर डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात ते सहज होईल.

त्या मुलाचे आईवडील कोयता घेऊन गेले. मुलगा या वेळी आजीजवळ राहिला. गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले, त्यात दोन वेळ जेवतो. कान कोरडा ठेवायचा म्हणून त्याला विहिरीत पोहायला बंदी आहे आणि त्यावरून तो आजीशी रोज भांडतो. गुरुजींनी त्याला पहिल्या बाकावर, उजवा कान फळ्याकडे येईल असे बसवले आहे. ते मराठीतले पान त्यांनी हजेरीच्या वहीत ठेवलेले आम्ही पाहिले. पाढे तेरापर्यंत आले. पुन्हा तपासणीची तारीख जूनमध्ये आहे, तोवर आईबाप कारखान्यावरून परततील. दोन्ही कागद, ६२ वाला आणि दुसरा, सध्या आमच्याकडेच ठेवले आहेत.